कृष्णाकाठचा बैल : ज्या कामासाठी घडला, ते काम संपल्यावर

स्थानिक इतिहास म्हटलं की आपण वाडे, गढ्या, शिलालेख शोधतो. गोठ्यात सहसा कुणी डोकावत नाही. पण आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानी काळाचा एक जिवंत पुरावा गोठ्यातच बांधलेला आहे. तो म्हणजे कृष्णा व्हॅली जातीचा बैल.

सांगली-मिरजेपासून अथणी, रायबाग, जमखंडीपर्यंतचा कृष्णाकाठ आज दोन राज्यांत विभागला गेला असला तरी रान एकाच जातीचं आहे : खोल, काळं आणि चिकट. त्यात हरळी-कुंदा माजला की साध्या लाकडी नांगराला दाद देत नाही. खिलार बैल चपळ, पण इथे चपळाईपेक्षा वजन हवं होतं. म्हणून १८८० च्या सुमारास सांगलीच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने नवी पैदास सुरू झाली. सौराष्ट्राची गीर, गुजरातची कांकरेज, आंध्र किनाऱ्याची ओंगोल आणि आपली स्थानिक जनावरं यांच्या संकरातून हा धिप्पाड, संथ, दमदार बैल तयार झाला. पुढे परदेशी गेलेल्या या जातीचं रक्त अमेरिकेतल्या ‘ब्राह्मण’ गुरांतही उतरलं.

याच मुलखातली दुसरी गोष्ट त्याला जोडून पाहावी. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. ती हळूहळू गेली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर गावोगाव पोचला. पण खोल नांगरट करायची तर मोठ्या नांगराला तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. म्हणजे नांगर लोखंडाचा झाला, तरी ताकद बैलाचीच होती.

मग ट्रॅक्टर आला. नदीचं पाणी उपसून रानात आलं, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. ज्वारी गेली तसा कडबाही गेला. उसाचं वाडं मिळतं, पण गाळपाच्या हंगामापुरतं. संकरित गाय डेअरीतून दर दहा-पंधरा दिवसांनी पैसे आणते. कृष्णा व्हॅलीची गाय दुधात तिची बरोबरी करू शकत नाही. खिलारला निदान शर्यतीचा आधार आहे. २०१४ ची बंदी, डिसेंबर २०२१ ची परवानगी आणि मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, या प्रत्येक वळणावर खिलारचे मालक एकजुटीने उभे राहिले. आपला संथ बैल शर्यतीत पळणार कुठला?

त्यात निसर्गाचे फटके. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत काठावरच्या गोठ्यांचे हाल झाले, वैरण वाहून गेली. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली आणि जनावरांचे बाजार बंद पडले. महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२१ पासून बैल कत्तलीसाठी विकता येत नाही. कायद्याविषयी मतं वेगवेगळी असतील, पण थकलेला बैल आता शेवटपर्यंत मालकाच्याच दावणीला राहतो आणि त्याच्या वैरणीचा खर्चही मालकाच्याच अंगावर पडतो, हे खरं.

या जातीचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. ती घडवताना लांबून जनावरं आणण्याचा आणि वळू पोसण्याचा भार संस्थानाने उचलला होता. आज जात टिकवायची म्हटलं की तो भार दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्यावर टाकला जातो, आणि वर त्यालाच ‘देशी जनावरं जपा’ म्हणून उपदेश केला जातो. वळू दूध देत नाही, हल्ली नांगरही ओढत नाही, पण खातो मात्र भरपूर. त्याच्या वैरणीचा खर्च कुणीतरी वाटून घेतल्याशिवाय तो गावात टिकणार नाही.

माघात चिंचलीला मायाक्काच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. इतिहासप्रेमींनी देवीचं दर्शन घ्यावंच, पण बाजारातही एक फेरी मारावी. कृष्णा व्हॅलीची जोडी दिसली तर मालकाशी बोलावं : वळू कुठून आणला, वैरणीला काय लागतं, पुढची पिढी हे करणार का? ते लिहून ठेवणं आपल्या मंडळाचंच काम आहे. जुन्या वाड्याचा नकाशा असला तर पडलेली भिंत पुन्हा बांधता येते. जनावराच्या जातीचं तसं नाही; तिचा शेवटचा वळू गेला की नुसत्या नोंदींवरून ती परत उभी करता येत नाही.