सिंधुदुर्ग: तटाबाहेरचा किल्ला

नंदुरबारात बसून समुद्रातल्या किल्ल्यावर बोलायचं म्हटलं की कुणी तरी विचारणारच, सर, आपल्याकडे समुद्र कुठंय? नाहीच. पण आपली तापी प्रकाशाला गोमाईला पोटात घेते आणि पुढे सुरतेपाशी समुद्राला मिळते. मुघल काळात सुरत-बुऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी रस्ता याच गावावरून जात असे. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ साली सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघाला, तो इथूनच गेला. म्हणजे समुद्र दिसत नसला तरी त्याचा बाजारभाव इथं कळत होता.

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय १६६४ हे साल नीट उलगडत नाही. त्या वर्षी जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. आणि त्याच वर्षी, २५ नोव्हेंबरला, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. सुरत हे मुघलांचं बंदर, पण समुद्रात जहाज घालायचं तर परवाना पोर्तुगीजांचा. त्याला कार्ताझ म्हणत. इकडे जंजिऱ्यात सिद्दी बसलेला, तिकडे गोव्यात पोर्तुगीज. जमिनीवर कितीही मुलूख जिंकला तरी किनाऱ्यापाशी आपलं राज्य संपतं, ही गोष्ट फार थोड्या राज्यकर्त्यांना खुपली. महाराजांना खुपली.

बांधकामाचं वर्णन आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पायात शिसं ओतलं, तीनेक वर्षांत काम उरकलं, बेटाचा विस्तार सुमारे ४८ एकर. तट नागमोडी, आणि दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवलेला की होडी अगदी जवळ येईपर्यंत सापडत नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजारामांच्या काळातलं. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसेही दाखवतात. पर्यटक इथं फोटो काढतो आणि परततो.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एक जुना वाद इथं आणल्याशिवाय राहवत नाही. नैयायिक म्हणतात, अवयवांहून अवयवी वेगळा असतो. कापड म्हणजे नुसते धागे नव्हेत. बौद्ध म्हणतात, धाग्यांपलीकडे कापड नावाचं काही नाहीच. वर्गात हा वाद मुलांना कंटाळवाणा वाटायचा. मालवणात तो एकदम जिवंत होतो, बरं का! कारण सिंधुदुर्ग म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न पडतो. तट? तट तर फक्त एक धागा आहे.

दुसरा धागा पाणी. चहूबाजूंनी खारट समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्या नसत्या तर वेढ्यात या तटाचा उपयोग किती दिवस झाला असता? आजही मोजकी कुटुंबं किल्ल्यात राहतात ती या पाण्यावर. तिसरा धागा खडक. बेटाभोवती पाण्याखाली खडकांची रांग आहे. वाट माहीत नसलेलं जहाज तिथं फुटायचं.

चौथा धागा समोरचा किनारा. पद्मगड हे किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्या मधलं छोटं बेट, ओहोटीला तिथं चालत जाता येतं. किनाऱ्यावर राजकोट. उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट, पावसाळ्यात गलबतं सुरक्षित ठेवायची ती जागा. आरमाराला पावसाचे महिने कुठं तरी काढावेच लागतात, हे आपण विसरतो. आणि मोरयाचा धोंडा: गणपती, चंद्र, सूर्य कोरलेला किनाऱ्यावरचा खडक. पायाभरणीची पूजा इथं झाली, बेटावर नव्हे. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

इंग्रजांनी १७६५ साली किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, पण तो परत करावा लागला. पुढे १८१२ साली कोल्हापूरकरांकडून तो कायमचा त्यांच्याकडे गेला. ते असो.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले आले त्यांत सिंधुदुर्ग आहे आणि आपल्या शेजारचा बागलाणातला साल्हेरही. आनंदच आहे. पण माझी चिंता वेगळी. जतन म्हटलं की आपल्याला ढासळलेला तट आणि चुना आठवतो. विहिरीत पडलेली बाटली आठवत नाही. तेच खडक आणि त्यांवरची प्रवाळं १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहेत, आणि त्यांच्याच आसपास आज पाण्याखालच्या सफरी चालतात. शत्रूच्या जहाजांना ज्यांनी अडवलं त्या खडकांवर हौशी माणूस पाय ठेवून उभा राहतो. त्या सफरींवर मालवणातल्या किती तरी घरांची चूल पेटते, म्हणून बंदी घाला म्हणणं सोपं नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण तटाला हात लावला की गुन्हा आणि प्रवाळ मोडलं की मजा, हा हिशेब मला पटत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पावसाळ्यात होड्या बंद असतात, दिवाळीनंतर जा. आधी मोरयाचा धोंडा पाहा, मग होडीत बसा. ओहोटीची वेळ तिथल्या कोळ्याला विचारून घ्या, पद्मगडाला उपयोगी पडेल. आणि संध्याकाळी सर्जेकोटला जाऊन खाडीत नांगरलेल्या होड्या बघत थोडा वेळ बसा.