रेषेकडून भिंतीकडे

वास्तुशिल्पज्ञाच्या दप्तरात टी-स्क्वेअर आणि शाईची लेखणी यांचाच अंमल होता त्या काळी, 1963 साली, आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने एम.आय.टी.मध्ये ‘स्केचपॅड’ ही संगणकप्रणाली रचून संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढून दाखविली. परंतु रेषा म्हणजे भिंत नव्हे. इमारतीचे एकच त्रिमित वर्णन संगणकात साठवून त्यातूनच सारे नकाशे काढावेत, हा विचार चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 साली मांडला.

तो बाजारात आला मात्र, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, साम्यवादी हंगेरीतून. सरकारने छोट्या खाजगी धंद्यांना मुभा देताच, 1982 साली, गाबोर बोयार या भौतिकशास्त्रज्ञाने बुडापेस्टात ‘ग्राफिसॉफ्ट’ ही कंपनी काढली, आणि पाक्श येथील अणुवीजकेंद्रातील नळ्यांच्या जंजाळाची त्रिमित प्रतिकृती संगणकावर उभी करण्याची कामगिरी पत्करली. याच अनुभवातून पुढे ‘आर्चिकॅड’ हे वास्तुरचनेचे सॉफ्टवेअर जन्मले. त्यात भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते. ती हलविली की तिच्यातील खिडकीही सरकते, आणि तलचित्र, छेद व मालाची यादी त्याच नोंदीवरून निघतात. एरवी हीच दुरुस्ती आरेखकाला प्रत्येक कागदावर पात्याने शाई खरवडून करावी लागे! 1982 सालीच अवतरलेल्या ‘ऑटोकॅड’ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरची कीर्ती दिगंत झाली खरी, तथापि त्याने मुख्यतः जुना आरेखनफलकच पडद्यावर आणला. वास्तुरचनेची रीत बदलण्याचे श्रेय, माझ्या मते, बुडापेस्टकडेच अधिक जाते.