चित्र, अक्षर आणि गणकयंत्र

अक्षरापेक्षा चित्र सोपे, ही समजूत फार जुनी आहे. निरक्षरासही चित्र कळते. मग गणकयंत्राला द्यावयाच्या आज्ञा ओळींमागून ओळी लिहूनच का द्याव्या? त्या रेखाटून का देऊ नयेत? या प्रश्नाचा पाठपुरावा संशोधक साठ वर्षांहून अधिक काळ करीत आले आहेत, आणि त्यात खरी कसोटी लागली ती त्या जुन्या समजुतीचीच.

आरंभी दोन सख्ख्या भावांची नावे येतात. इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली अमेरिकेतील एम्. आय्. टी. या संस्थेत ‘स्केचपॅड’चा प्रबंध सादर केला. टीएक्स-२ या यंत्राच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा ओढावी आणि यंत्राने तिचे इतर रेषांशी असलेले नाते सांभाळावे, अशी ती किमया होती. वडील बंधू विल्यम यांनी त्याच यंत्रावर पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या १९६६ च्या प्रबंधात आकृती हीच आज्ञावली झाली : चौकट म्हणजे क्रिया, आणि चौकटींना जोडणारी रेषा म्हणजे एका क्रियेतून दुसरीकडे जाणाऱ्या मूल्याची वाट.

त्याच दशकात रँड संस्थेच्या ‘ग्रेल’ या योजनेत, हाताने काढलेली वेडीवाकडी चौकट यंत्र ओळखी व ती नीटस करून दाखवी. १९७५ साली डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी स्टॅनफर्ड येथील प्रबंधात ‘आयकॉन’ ही संज्ञा योजिली. ती आज घरोघरी पोहोचली आहे. १९८६ साली ‘लॅबव्ह्यू’ आले, आणि मापनयंत्रे हाताळणारे अभियंते पडद्यावर तारा जोडून आज्ञावली रचू लागले.

त्याच वर्षी फ्रेडरिक ब्रुक्स यांनी एक मूलगामी आक्षेप घेतला. घराचा नकाशा काढता येतो, कारण घर जागा व्यापते. आज्ञावलीला असे जागेतील रूपच नाही; मग तिचे चित्र काढावयाचे ते कशाचे?

आक्षेपानंतर प्रयोगही झाले. थॉमस ग्रीन व मारियान पेत्रे या इंग्लंडमधील संशोधकांनी १९९२ साली लॅबव्ह्यूच्या सरावलेल्या उपयोजकांपुढे एकच आशय चित्रात व शब्दांत ठेवला. चित्रे उलगडण्यास अधिक वेळ लागला! १९९५ साली पेत्रे यांनी याची मीमांसा केली. जाणता मनुष्य चौकटींची मांडणी, त्यांची जवळीक, त्यांची रांग यांतूनही अर्थ सुचवितो व वाचतो. नवख्याला त्या खुणा दिसतच नाहीत. चित्र पाहणे निराळे, वाचणे निराळे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांस हे पटवून द्यावयास नको. जुन्या दप्तरांतील मोडी कागद आपल्याच भाषेत असतात. तरी केवळ बाळबोध शिकलेल्याला ते वाचता येत नाहीत. डोळ्यांना अक्षरे दिसतात, परंतु वळण ओळखीचे नसते.

म्हणून या संशोधकांचे श्रम वाया गेले असे मात्र नव्हे. २००७ साली मुलांसाठी प्रसृत झालेल्या ‘स्क्रॅच’मध्ये रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून आज्ञा रचतात. न जुळणारा ठोकळा बसतच नाही. त्यामुळे व्याकरणाची चूक मुळातच टळते. परंतु त्या ठोकळ्यांवर शब्द आहेतच. चित्राने नवशिक्याची पहिली पायरी सुगम केली, हे त्याचे ऋण मान्य करावे. वाचावयास शिकविणाऱ्या गुरूची गरज मात्र त्याने दूर केलेली नाही.