बावन्न पानांचा प्रामाणिक सापळा

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील संग्रहालयात पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. इजिप्त आणि सीरियावर राज्य करणाऱ्या ममलूक सुलतानांच्या काळातला, साधारण पंधराव्या शतकातला. एल. ए. मायर या अभ्यासकाने १९३०च्या दशकात तो जगासमोर आणला. त्यातली काही मूळ पाने हरवली आहेत, पण रचना स्पष्ट कळते. चार रंग, प्रत्येकी तेरा पाने, एकूण ५२. रंग होते पेला, दिनार, तलवार आणि पोलोची काठी. मोठ्या पानांवर माणसाचे चित्र नाही. मलिक, नायब मलिक आणि दुय्यम नायब अशी नुसती पदे सुंदर अक्षरांत लिहिलेली आहेत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पत्ते पोहोचले ते याच वाटेने. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना आजही ‘नाइपेस’ म्हणतात. हा शब्द आपल्या ओळखीच्या ‘नायब’वरून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इराणकडून आलेली दुसरी शाखा आपल्याकडे गंजिफा झाली. सावंतवाडीत ती आजही हाताने रंगवली जाते.

कैरोच्या त्या ५२ पानांचा प्रवास अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये एका काचेच्या पडद्यावर येऊन थांबला. त्या पडद्याचे नाव व्हिडिओ पोकर. जुगाराविषयी आपल्या समाजातले बोलणे बहुधा दोन वाक्यांत संपते. जुगार हराम आहे आणि जुगारात फसवणूक असते. पहिल्या वाक्याबद्दल वाद नाही. दुसरे मात्र नेहमी खरे नसते. व्हिडिओ पोकरमध्ये पाने लपवलेली नाहीत, भाव उघड लिहिलेले आहेत, परताव्याचा हिशेब कुणालाही करता येतो. तरीही त्यात माणसे बुडतात. ती कशी, हे मला आकड्यांतूनच समजून घ्यायचे आहे.

बिअरपासून पडद्यापर्यंत

१८९१ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये सिटमन आणि पिट या कंपनीने पोकरचे यांत्रिक खोके बनवले. पाच फिरत्या नळ्या, प्रत्येकीवर दहा पाने. नाणे टाकून दांडा ओढायचा. चांगली पाने जुळली तर दारूच्या गुत्त्याचा मालक बिअर किंवा सिगार द्यायचा. पाच नळ्यांवर पन्नासच पाने मावतात, म्हणून दोन पाने काढून टाकली जात, सहसा इस्पिकची दश्शी आणि बदामाचा गुलाम. सर्वांत मोठा हात म्हणजे रॉयल फ्लश, एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का. ही दोन पाने गेली की चारपैकी दोन रंगांत रॉयल फ्लश लागणेच शक्य नाही. इथे मात्र फसवणूक होती.

संगणकाने हे चित्र बदलले. मिसिसिपी राज्यातून आलेल्या साय रेड या व्यापाऱ्याच्या कंपनीने १९७९च्या सुमारास पडद्यावरचे पोकर बाजारात आणले. पुढे हीच कंपनी आयजीटी या नावाने जगभर पसरली. सुरुवातीच्या यंत्रांत पैसे मिळायला किमान दोन जोड्या लागत, त्यामुळे खेळणारे लवकर कंटाळत. मग गुलामाची किंवा त्यावरची एक जोडी आली तरी लावलेले पैसे परत, असा नियम आला. ‘जॅक्स ऑर बेटर’ हे नाव त्यावरूनच पडले. आणि खेळ धडाक्यात चालला. मिळत काही नव्हते, फक्त हरल्यासारखे वाटत नव्हते. त्यातच नेवाडा राज्याच्या नियमांची अट अशी, की यंत्रात पत्ते दाखवायचे तर प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच हवी. पान काढून टाकायची सोय संपली.

पास्कल ते भावफलक

मोजणी आणि जुगार यांचा संबंध जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा झाडाची पाने आणि फळे नजरेने मोजतो, आणि फाशांत सर्वस्व गमावलेला नळ त्याच्याकडून ती विद्या शिकतो. युरोपात १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन गणितींनी पत्रांतून एक प्रश्न सोडवला: खेळ अर्ध्यावर मोडला तर पैशांची वाटणी कशी करायची? त्यांचे उत्तर असे की, आजवर कोण किती जिंकले हे पाहू नका. पुढे काय काय घडू शकते ते सारे मांडा आणि त्या प्रमाणात वाटा. १६५७ मध्ये हॉयगेन्सने यावर पुस्तिका लिहिली आणि ‘अपेक्षित मूल्य’ ही कल्पना पक्की झाली.

व्हिडिओ पोकर हा याच कल्पनेचा सराव आहे. यंत्र पाच पाने देते, हवी ती ठेवायची, बाकीची एकदाच बदलून घ्यायची. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०, आणि प्रत्येक हात खेळण्याचे मार्ग ३२. संगणकाला हे अवघड नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून लेनी फ्रोम यांच्यासारख्या निवृत्त अभियंत्याने असे तक्ते करून सामान्य खेळाडूंपर्यंत पोहोचवले.

एक उदाहरण मी कागदावर सोडवून पाहिले. हातात बदामाचा एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदामाचीच पंजी आहे. पाचही एका रंगाची, म्हणजे फ्लश तयार. एका नाण्याला सहा नाणी नक्की. ती ठेवायची की पंजी टाकायची? उरलेली पाने ४७. त्यांत बदामाची दश्शी एक, तिला ८००. बदामाची इतर पाने सात, प्रत्येकी सहा, म्हणजे ४२. इतर रंगांच्या दश्श्या तीन, प्रत्येकी चार, म्हणजे १२. मोठी जोडी जुळवणारी पाने बारा, प्रत्येकी एक, म्हणजे १२. बेरीज ८६६, भागिले ४७, उत्तर १८.४. हातातले सहा सोडून पंजी टाकणेच योग्य. पण उरलेली २४ पाने तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवतात, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा ‘योग्य’ खेळणारा हात चोळत बसतो. तसेच लहान जोडी आणि एका रंगाची चार पाने असा पेच पडला तर जोडी मोडायची. मोठी जोडी असेल तर मोडायची नाही.

पैसे कुठे जातात?

फुल हाउसला नऊ आणि फ्लशला सहा देणाऱ्या ‘नऊ-सहा’ यंत्रावर, पाच नाणी लावून एकही चूक न करता खेळले तर परतावा ९९.५४ टक्के. पाचच नाणी का? कमी नाण्यांवर रॉयल फ्लशला नाण्यामागे ८०० ऐवजी २५० मिळतात.

अर्धा टक्कासुद्धा तोटा नाही, मग माणूस बुडतो कसा? सराईत खेळाडू तासाला ६०० डाव सहज खेळतो. पाव डॉलरची पाच नाणी, म्हणजे डावाला सव्वा डॉलर आणि तासाला ७५० डॉलरची उलाढाल. त्यावर ०.४६ टक्के म्हणजे तासाला साधारण साडेतीन डॉलर तोटा. पण या ९९.५४ मधले जवळपास दोन टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत, आणि तो सरासरी चाळीस हजार डावांत एकदा येतो. चाळीस हजार डाव म्हणजे सुमारे ६७ तास. तोवर तासाला अठरा डॉलर जात राहतात, म्हणजे बाराशेहून अधिक. मग कधीतरी रॉयल येतो आणि हजार डॉलर देतो. तो दिवस लक्षात राहतो, आधीचे ६७ तास राहत नाहीत.

खेळाडूच्या बाजूने झुकलेले यंत्रही होते. ‘ड्यूसेस वाइल्ड’ या प्रकारात चारही दुर्ऱ्या जोकर असतात. त्याच्या जुन्या पूर्ण भावाच्या यंत्रावर परतावा १००.७६ टक्के, म्हणजे बिनचूक खेळणाऱ्याला तासाला साडेपाच-सहा डॉलर कमाई. कॅसिनोला ते परवडत होते, कारण बिनचूक खेळणारे थोडे आणि ‘हे यंत्र हरवता येते’ हे ऐकून येणारे फार. गर्दी जमली की भाव हळूच उतरतो. या प्रकारात चार सारखी पाने साधारण दर पंधरा डावांत एकदा येतात. त्यांचा भाव पाचवरून चार केला आणि बाकी काही बदलले नाही, तर परतावा सुमारे सहा टक्के घसरतो. ‘जॅक्स ऑर बेटर’चे भाव नऊ-सहावरून आठ-पाचवर आले की ९७.३ आणि सहा-पाचवर आले की ९५ टक्के. तासाचा तोटा साडेतीन डॉलरवरून वीसवर आणि मग साडेसदतीसवर जातो. फलकावर सगळे लिहिलेले असते. वाचणारा हवा.

आता आपल्या ओळखीच्या मटक्याशी तुलना करू. दहा आकड्यांतला एक लावायचा, लागला तर रुपयाला साधारण नऊ. परतावा ९० टक्के, म्हणजे यंत्रापेक्षा कितीतरी वाईट. पण ओपनला दहा आणि क्लोजला दहा रुपये लावणाऱ्याचा दिवसाचा सरासरी तोटा दोन रुपये. दहा रुपयांच्या डावाने सर्वांत उदार, नऊ-सहाच्या यंत्रावर तोटा एका तासात साडेसत्तावीस. टक्केवारी चांगली दिसली तरी वेग खिसा रिकामा करतो.

कौशल्याचे आमिष

‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य आपल्याकडे गेली काही वर्षे प्रत्येक मोबाइलवर होते. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि ऑनलाइन कंपन्यांनी त्या निकालाचा आधार घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याच्या नावावर चालणारेही धरून, कायद्याने बंदी घातली. व्हिडिओ पोकरचा इतिहास सांगतो की कौशल्य खरे असूनही सापळा असू शकतो. कौशल्यामुळे तोटा कमी होतो. पण कौशल्य आहे या विश्वासाने माणूस जास्त तास बसतो.

नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास वेगासच्या यंत्रांपुढे बसणाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. २०१२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातले खेळाडू जिंकण्यासाठी खेळत नाहीत. खेळत राहता यावे म्हणून खेळतात. वेळ, पैसा, भूक, घर, सगळ्याचे भान जिथे सुटते, तिथे त्यांना राहायचे असते.

इस्लामपूर्व अरबस्तानात मैसिर नावाचा जुगार होता. दहा बाण, त्यांतल्या सातांवर एक ते सात हिस्से, तीन रिकामे. हरणारे उंटाची किंमत भरत आणि मांस पुष्कळदा गरिबांना वाटले जाई. कुरआनात सूरह बकराने या खेळाचा फायदा नाकारला नाही, पण त्याची हानी मोठी ठरवली. सूरह माइदाने ही हानी कोणती ते सांगितले: आपसातले वैर आणि अल्लाहच्या स्मरणाचा, नमाजाचा विसर. तिथे बाण खोटे आहेत, असा आरोप कुठेच नाही.

म्हणून घरातल्या तरुणाला ‘जुगारात फसवतात’ एवढेच सांगून भागणार नाही. तो फलक दाखवून म्हणेल, बघा, साडेनव्याण्णव टक्के परत मिळतात. त्याला आकडा नाकारू नका. त्याच्या शेजारी बसा, तासाला किती डाव होतात ते विचारा, आणि गुणाकार त्यालाच करू द्या. त्यानंतर त्या तासांत घरी काय काय राहून गेले, तेही त्याच कागदावर लिहायला सांगा.