लेखकु, खिळेकार आणि पदवीधर

'ग्राफिक डिझाइन' या नांवानें जो विषय आज महाविद्यालयांतून पदवीसाठीं शिकविला जातो, त्याचा पोथ्या व दफ्तरें जमविणाऱ्या आम्हां लोकांशीं कांहीं संबंध असेल असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटणार नाहीं. जाहिरात, पुस्तकाचें वेष्टन, दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, असा त्याचा संसार. या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें त्यासंबंधीं मत अनुकूल नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु गेल्या कांहीं वर्षांत जें पाहण्यांत आलें त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, पोथी लिहिणाऱ्या लेखकूचा वारस शोधावयाचा तर तो संस्कृताच्या पदवीधरांत न शोधतां या नव्या वर्गांत शोधावा लागेल. आणि त्या वारसास आपण दारांत तिष्ठत ठेवलें आहे. विधान धाडसाचें आहे. म्हणून प्रथम पूर्वेतिहास पाहूं.

लेखकूचें शिक्षण शाळेंत होत नसे. बाप मुलास किंवा गुरु शिष्यास बोरू तासण्यापासून शिकवी. बोरूचा छेद तिरका. रोमन अक्षराच्या लेखणीशीं त्याचा कोन जुळत नाहीं, आणि नागरी अक्षराचें जाडबारीक सर्वस्वी त्या छेदावर अवलंबून. मग शाई, मग कागद घोटणें, मग समास सोडून पानाची आखणी, आणि सर्वांच्या शेवटीं अक्षर. चूक झाली तर ती हरताळानें झांकावयाची. या सर्व व्यवहाराचा ग्रंथ कोणी लिहिला नाहीं. तो हातांत होता व हाताबरोबर गेला.

चित्रकलेची शाळा म्हणून जी पहिली संस्था महाराष्ट्रांत दिसते ती मुंबईची नव्हे, पुण्याची. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट व चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकारानें शनिवारवाड्यांत ती निघाली. वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढणारा गंगाराम तांबट याच परिवारांतला. याच सुमारास नाना फडणविसांच्या मनांत तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरून गीता छापण्याचें आलें व एका तांबटास तें काम शिकविण्यांत आलें. १८०० सालीं नाना वारले. काम मिरजेस गेलें, व गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं गीता छापून निघाली. ठशांत अक्षर उलटें कोरावें लागतें. म्हणजे ज्या कारागिरानें आयुष्यभर भांडीं घडविलीं त्यास नागरी अक्षर आरशांत पाहिल्याप्रमाणें आठवावें लागलें असलें पाहिजे. अक्षराचा अर्थ बाजूस ठेवून केवळ आकार पाहण्याचा हा आपल्याकडील पहिला मोठा प्रसंग होय, असें आम्ही मानतों. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं मोडीचे खिळे पाडिले व कॅरेचा मराठी कोश १८१० सालीं त्या खिळ्यांनीं छापिला. परंतु ते खिळे पाहून कोणाही चिटणिसास आपल्या वळणाची आठवण झाली नसती.

मुंबईंत गणपत कृष्णाजीनें १८३१ सालीं शिळाछापाचें पंचांग काढलें तेथून गोष्ट निराळी होते. शिळाछापांत लेखकूच चरबीयुक्त शाईनें कागदावर लिहितो व तेंच लेखन दगडावर उतरतें. म्हणून शिळाछाप पोथी ही, छापखान्यांतून आली तरी, लेखकूच्या हातचीच पोथी आहे. आमच्यापैकीं कित्येक संग्राहक ती 'छापील' म्हणून रद्दींत घालतात. यासारखा अविचार दुसरा नाहीं. ज्या वळणांच्या हस्तलिखित प्रती उरल्या नाहींत तीं वळणें कित्येकदां शिळाछापांतच सांपडतात.

पुढें खिळ्यांचें युग. जावजी दादाजी (१८३९-१८९२) हा लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टाइप घासण्याच्या कामावर होता. तेथें टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखालीं नागरी खिळे तयार होत. त्यानें १८६४ सालीं स्वतःचा टाइपांचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्याचे ठसे कापणारा राणोजी रावजी आरू याचें नांव आज किती संस्कृतज्ञांस माहीत आहे? आम्ही काव्यमालेंतील ग्रंथांवर वाढलों. त्या अक्षरांत बोरूचा छेद, गांठ आणि शेपूट जशींच्या तशीं उतरलीं आहेत. हीं अक्षरें पदवीधरानें काढलीं नाहींत. धातु कापणाऱ्यानें काढलीं.

मग कलाशाळा काय करीत होती? सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगींतून मुंबईची कलाशाळा मार्च १८५७ मध्यें सुरू झाली. तेथें चित्र, शिल्प, कुंभारकाम, धातुकाम हे विषय होते. अक्षर हा विषय नव्हता. अक्षराचा प्रवेश जाहिरातीच्या मागल्या दारानें झाला. १९३५ सालीं 'कमर्शिअल आर्ट' चा विभाग निघाला तेव्हां पाट्या व भित्तिपत्रकें यांच्यासाठीं अक्षर काढणें आवश्यक ठरलें, आणि तें अक्षर बहुधा रोमन! १९५८ च्या सुमारास हा विभाग निराळा होऊन सर जे. जे. उपयोजित कला संस्था झाली. शिकून बाहेर पडणारास शासकीय पदविका मिळे. पदवी आली ती १९८१ सालीं मुंबई विद्यापीठाशीं संलग्न झाल्यावर. २०२३ सालीं या परिवारास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आमच्या जिल्ह्यांतही देवरुख व सावर्डे येथें कलेचें शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. यांत मौज अशी कीं ज्या कालांत मोडी शाळांतून गेली त्याच कालांत अक्षर महाविद्यालयांत आलें. आणि दोघांची गांठ पडण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

ती गांठ घालून देण्याचें श्रेय प्राध्यापक र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांस दिलें पाहिजे. जाहिरातीच्या धंद्यांत कलादिग्दर्शक असतांच ते जे. जे. मध्यें शिकवीत. पवईच्या आय. आय. टी. मध्यें १९६९ पासून अभिकल्पाचें केंद्र होतें. तेथें ते १९८३ सालीं गेले व दृक्संवादाचा विषय शिकवूं लागले. विद्यार्थ्यांस त्यांनीं परदेशी नमुन्यांच्या पुस्तकांपुढें न बसवितां शिलालेखांपुढें व पोथ्यांपुढें बसविलें. संगणकावर अनेक वर्षें मराठीचें जें नित्याचें अक्षर म्हणून दिसलें तें 'मंगल' त्यांच्याच हातचें. त्यांच्या परंपरेंतील अच्युत पालव यांनीं १९८२ सालीं जे. जे. तून बाहेर पडल्यावर उल्का या जाहिरातसंस्थेच्या शिष्यवृत्तीवर मोडीचा अभ्यास केला, व पुढें नागरी आणि मोडी यांच्या संयोगानें 'मुक्तलिपि' काढली. नीट लक्षांत घ्यावें: ज्या वेळीं आमचीं मंडळें मोडी वाचणारा मिळत नाहीं म्हणून हळहळत होतीं, त्या वेळीं मोडीच्या अभ्यासाला पैसा एका जाहिरातसंस्थेनें दिला.

रत्नागिरीकरांनीं अक्षराचा विचार पूर्वी केला नाहीं असें नाहीं. रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्यांनीं १९०५ सालीं काशीस नागरी लिपीवर भाषण केलें. आणि सावरकर १९२४ ते १९३७ पर्यंत या जिल्ह्यांत स्थानबद्ध असतां त्यांनीं लिपिशुद्धीचा पुरस्कार करून अ ला इकार-उकार जोडण्याची पद्धति प्रचारांत आणली. 'किर्लोस्कर' मासिक तिच्यांत छापलें जाई. परंतु हा सारा विचार यंत्राच्या सोयीचा होता. खिळे कमी कसे होतील, हा प्रश्न. आज संगणकास खिळ्यांची संख्या जाचत नाहीं, म्हणून तो प्रश्नच विरून गेला, व लेखकूचें जोडाक्षर, जें खिळेकारास नको होतें, तें पुन्हां छापतां येऊं लागलें. २००९ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र शासनानें वर्णमालेसंबंधीं निर्णय काढून मराठी वळणाचे ल व श कायम केले. तेंही याच बदललेल्या परिस्थितीमुळें सुकर झालें.

आतां प्रत्यक्ष अनुभव. वेळणेश्वर हें गुहागर तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. येथील शिवालय कित्येक चित्पावन घराण्यांचें कुलदैवत आहे. जुन्या घरांतून प्रयोगाच्या व स्तोत्रांच्या पोथ्या अद्याप निघतात. आमच्या आळींतील एक मुलगी मुंबईस उपयोजित कलेच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. मे महिन्यांत ती आली व म्हणाली, "गुरुजी, एका जुन्या अक्षराचा अभ्यास करून न्यायचा आहे. मला संस्कृत येत नाहीं, चालेल का?" आम्हीं तिच्यापुढें एक प्रयोगपोथी ठेविली. शेवटचें पान गहाळ असल्यामुळें तिला शक नाहीं, लेखकाचें नांव नाहीं.

तिनें पोथी वाचली नाहीं; मोजली. बोरूच्या टोंकाची रुंदी एक धरून अक्षराची उंची किती पट, शिरोरेषेपासून मात्रेपर्यंत अंतर किती, दोन ओळींत अंतर किती, असें पानापानाचें टिपण केलें. चार दिवसांनीं तिनें सांगितलें कीं मधल्या कांहीं पानांवर हात दुसरा आहे. तेथें अक्षर बुटकें, बोरू रुंद, आणि ण व झ यांचें वळण निराळें. मजकूर अखंड चालतो, शुद्धाशुद्धांत फरक नाहीं. पाठभेद पाहणाऱ्यास तेथें थांबण्याचें कारणच नव्हतें. तिनें आणखी दाखविलें कीं त्या पानांपैकीं शेवटच्या पानावरच्या ओळी उगाच विरळ होत गेल्या आहेत. हें कां, तें तिला उमगेना. परंतु पोथ्या हाताळणारास तें चटकन् कळतें. हरवलेलीं वा किडीनें खाल्लेलीं पानें कोणी मागाहून लिहून घालतो तेव्हां पुढच्या जुन्या पानाच्या पहिल्या अक्षराशीं येऊन भिडावें लागतें. मजकूर कमी पडला तर ओळी ताणाव्या लागतात. शिवाय इतर पानांवर हरताळाखालीं जें मूळ अक्षर आहे तें पहिल्या हाताचें आणि हरताळावरची दुरुस्ती दुसऱ्या हाताची. म्हणजे कोणा एका मागाहूनच्या भिक्षुकानें ही पोथी दुरुस्त करून, भरून, वापरांत ठेवली. आजवर सूचींत ती 'एकहस्त' म्हणून नोंदली जाती तर दुसऱ्या हाताच्या वळणावरून सबंध पोथीचा काल कांहीं दशकें अलीकडे ओढला गेला असता.

वाचतां येणारास अक्षर दिसत नाहीं, असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें. डोळा अक्षरावरून घसरून अर्थावर जातो. उलट जिला अर्थ कळत नव्हता तिची नजर आकारावर ठरली. अर्थात् नुसत्या मोजणीनेंही काम भागत नाहीं. पृष्ठमात्रा काय, अक्षरामागें मात्रा लिहिण्याची ती चाल कोणत्या कालाची खूण, हिराकशीच्या शाईनें कागद कां जळतो, पुष्पिकेंत लेखक तेल-पाण्यापासून पोथी राखण्याची विनवणी कां करतो, हें तिला कोणत्याही वर्गांत शिकविलें नव्हतें. शिकविणार कोण? ज्यांना माहीत आहे ते त्या वर्गांत जात नाहींत.

आणि जे वर्गांतून येतात त्यांस आपण घेत नाहीं. तीच मुलगी एका जुन्या संग्रहाकडे चार पानांचीं छायाचित्रें मागण्यास गेली. तेथें तिला सांगण्यांत आलें कीं ही सवलत इतिहासाच्या संशोधकांसाठीं आहे, चित्रें काढणाऱ्या मुलांसाठीं नाहीं. संस्थेचें नांव देण्याचें कारण नाहीं; असें उत्तर कोणत्याही संग्रहांत मिळूं शकेल.

मोडीच्या बाबतींत हें उत्तर विशेष महाग पडणार आहे. २०१४ सालीं युनिकोडमध्यें मोडीस स्थान मिळालें, आतां ती संगणकावर लिहितां येते. आनंद आहे. परंतु तेथें प्रत्येक वर्णास सांकेतिक स्थान एक. चिटणिसी वळण, रानडी वळण, हा भेद तेथें नाहीं व असूंही नये. तो भेद टाइप काढणाऱ्यानें आपल्या रेखाटनांत दाखवावयाचा. त्याच्यापुढें कालनिर्णय झालेले अस्सल कागद नसतील तर तो उपलब्ध अशा एखाद्या मुळाक्षरांच्या पुस्तिकेवरून काढील, आणि पुढची पिढी त्या छापील मोडीवर शिकून पेशवाई रुमाल उघडील तेव्हां तिला एक ओळ लागणार नाहीं. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतून निवडलेले पंचेचाळीस खंड नागरींत छापले गेले हें योग्यच झालें; पण त्यामुळें मजकूर राहिला, वळण दफ्तरांतच राहिलें.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना थोडक्यांत अशी. शक असलेल्या, स्थळ ठाऊक असलेल्या प्रत्येक पोथीचें वा कागदाचें एक पान, शेजारीं मोजपट्टी ठेवून, सरळ उजेडांत टिपावें व कलाशाळांस विनामूल्य द्यावें. मोजपट्टीवांचून छायाचित्र या कामीं निरुपयोगी आहे. अक्षराची खरी उंची व बोरूची रुंदी त्यावांचून कळत नाहीं. पान निवडतांना सुंदर पान शोधूं नये. जेथें लेखक घाईंत आहे, जेथें जागा अपुरी पडली आहे, तें पान अधिक बोलतें. शिळाछाप प्रतींसही हाच नियम लावावा.

आमच्याजवळील पोथ्यांपैकीं शक असलेल्या पोथ्यांचें असें टिपण आम्हीं सुरू केलें आहे. समुद्रकांठची हवा आर्द्र असल्यामुळें पावसाळ्यांत बांधणी सोडणें इष्ट नाहीं. उरलेलें काम दिवाळीनंतर होईल, व ज्यांस पानें हवीं असतील त्यांस तीं पाठविण्यांत येतील.