विजयदुर्ग, जमखंडी आणि सूर्यावरील पिवळी रेषा

कोल्हापुराहून गगनबावडा ओलांडून घाट उतरले, की तळकोकणातून विजयदुर्ग गाठता येतो. मराठ्यांच्या आरमाराचा हा जलदुर्ग पाहण्यासाठी आपल्या भागातील शाळांच्या सहली वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. परत आलेल्या मुलांच्या तोंडी तटबंदीच्या वर्णनाबरोबर अलीकडे आणखी एक वाक्य हमखास असते : 'हेलियमचा शोध या किल्ल्यावर लागला.' किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात तेथून दुर्बीण रोखली आणि नवे मूलद्रव्य शोधले, अशी ही कथा आहे. १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हेलियम दिन म्हणून साजराही होतो.

कथा मोहक आहे, पण ती जशी सांगितली जाते तशी खरी नाही. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर भारतात नव्हताच. तो लंडनमध्ये युद्धखात्याच्या कचेरीत कारकुनी करीत होता आणि फावल्या वेळात आकाश पाहत होता. शिवाय ऑगस्टच्या मध्यावर कोकणचा किनारा कसा असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ज्या दिवसांत सूर्य आठवडाआठवडा दिसत नाही, त्या दिवसांत सूर्याचा वेध घेण्यासाठी समुद्रातील किल्ल्यावर कोण जाईल?

मग त्या दिवशी काय झाले? ते समजण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चुलीच्या जाळात मिठाची चिमूट पडली, की ज्वाला क्षणभर पिवळीधमक होते. मिठातील सोडियम तापला, की तो ठरावीक पिवळाच प्रकाश देतो, दुसरा नाही. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशाची अशी स्वतःची खूण असते. तो प्रकाश लोलकातून पसरवला, की ती खूण रेषांच्या रूपाने उमटते. किर्खोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६० च्या सुमारास हे सिद्ध केले. फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त कोंत याने त्यापूर्वी पाव शतक असे बजावले होते, की तारे कशाचे बनले आहेत हे मानवाला कधीच कळणार नाही. लोलकाने त्याला खोटे पाडले, आणि खगोलभौतिकी नावाचे शास्त्र जन्माला आले.

१८६८ च्या ग्रहणाची छाया आपल्या दक्षिण महाराष्ट्रावरून आंध्र किनाऱ्याकडे आणि पुढे सयामपर्यंत गेली. (सयामचा राजा मोंगकुट स्वतः ज्योतिर्गणिताचा जाणकार. ते ग्रहण पाहण्यासाठी तो दलदलीच्या प्रदेशात गेला, तेथे हिवताप जडला आणि दीड महिन्याच्या आत मरण पावला.) लंडनच्या रॉयल सोसायटीने उपकरणे दिलेला लेफ्टनंट जॉन हर्शेल हा ज्या गावी थांबला, त्याचे नाव आपल्या परिचयाचे आहे : जमखंडी. पटवर्धनांचे हे संस्थान कोल्हापुराच्या पूर्वेला, आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. ढग होतेच, परंतु त्यांच्या फटीतून हर्शेलला सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट दिसला. त्यात तेजस्वी रेषा होत्या. एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे ठरले. नारिंगी रेषा मात्र त्याने सोडियमची मानली. विजयदुर्गाच्या वाट्याला आलेले श्रेय खरे तर काही अंशी या विस्मृत जमखंडीचे आहे, असे आम्हांला वाटते.

गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता. रेषा इतक्या ठळक पाहून त्याच्या मनात आले, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लख्ख उजेडात त्या पाहिल्या. इकडे लॉकियरला तीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. त्याचे यंत्र कारागिराकडे रखडले होते. ते ऑक्टोबरमध्ये हाती आले आणि २० ऑक्टोबरला त्याने इंग्लंडमध्येच सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. पुढे फ्रान्सने दोघांच्या मुखाकृती असलेले पदक पाडले. श्रेयावरून भांडणाऱ्यांनी ते पदक जरूर पाहावे.

लॉकियरने बारकाईने मोजले, तेव्हा पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी, पण निश्चित वेगळी निघाली. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. ग्रीक भाषेत सूर्याला हेलिओस म्हणतात, त्यावरून हेलियम हे नाव आले. १८७१ मध्ये विल्यम टॉमसनच्या भाषणात त्याचा उल्लेख आला. तरी अनेकांचा विश्वास बसला नाही. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा आढळली. सूर्यावर ओळख झालेल्या पाहुण्याची पृथ्वीवर गाठ पडायला सत्तावीस वर्षे लागली.

याच काळात रोममध्ये संत इग्नेशियसच्या चर्चच्या छपरावरील वेधशाळेत येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की हेच काम करीत होते. सूर्यज्वाळांची निरीक्षणे त्यांनी वर्षानुवर्षे केली आणि सुमारे चार हजार ताऱ्यांचे वर्णपट तपासून त्यांचे वर्ग पाडले. ताऱ्यांच्या वर्गीकरणाचा तो पहिला मोठा प्रयत्न होय. हेलियमचा शोध त्यांचा नव्हे. आपल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याचे श्रेय मांडण्याचा मोह आम्हांलाही होऊ शकतो, म्हणून हे स्पष्ट केलेले बरे. संतचरित्रांतील दंतकथा पाखडून काढण्याचे काम येशूसंघातीलच बोलांडिस्ट विद्वानांनी सतराव्या शतकापासून केले. त्यामुळे एकाही संताची थोरवी उणी झाली नाही. किल्ल्यांच्या बाबतीतही भय बाळगण्याचे कारण नाही.

कारण विजयदुर्गाचा खरा इतिहास पुरेसा रोचक आहे. लॉकियर तेथे आला, तो १८९८ मध्ये. त्या वर्षीच्या २२ जानेवारीच्या खग्रास ग्रहणासाठी, स्वच्छ हिवाळी आकाशाखाली, 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी घेऊन त्याने तेथे छावणी टाकली. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात छायाचित्रे घ्यायची म्हणून खलाशांकडून कवायतीसारखी तालीम करून घ्यावी लागे. 'साहेबाचे कट्टे' या मोहिमेशी जुळतात. तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणे लोकस्मृतीत एक झाली, इतकेच.

मुले विचारतात, की एका वायूचे एवढे कौतुक का? सूर्य दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो आणि त्यात सुमारे चाळीस लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. आपल्या अंगणातले ऊन ते हेच. हे गणित १९२० मध्ये एडिंग्टनने सुचवले आणि १९३९ मध्ये बेथेने मांडून दाखवले. सूर्यात इतका हेलियम असूनही नेहमीच्या सूर्यप्रकाशात ती रेषा ठळक का दिसत नाही, याचेही उत्तर आहे. ती उमटण्यासाठी हेलियमचा अणू आधी बराच उद्दीपित व्हावा लागतो. साडेपाच हजार अंश सेल्सियसचा सूर्यपृष्ठभाग त्याला पुरत नाही. त्यावरच्या विरळ थरात मात्र ते घडते. तो थर नुसत्या डोळ्यांना दिसतो, तो ग्रहणातच.

१८९८ च्या त्याच ग्रहणात सोलापूरकडील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी नायगमवाला हे पारशी प्राध्यापकही. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून नायगमवालांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.