जखमेला पोचणारा निरोप

श्रोतेहो, विळा लागून बोट कापले, की आपण त्यावर चिंधी बांधतो आणि पुन्हा कामाला लागतो. खपली धरते, काही दिवसांनी गळते आणि खाली नवी कातडी दिसते. ही कातडी आणली कोणी? चिंधीने नव्हे, ती शरीरानेच आणली. पण अमुक जागी नवी कातडी हवी, हे शरीराला कळले कसे? त्या शोधाची हकीकत आज सांगायची आहे. मधुमेही माणसाच्या पायाशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

१९३८ साली इटलीत मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे केले. तुरीन शहरातील रिता लेव्ही-मोन्ताल्चिनी या तरुण डॉक्टरीण बाईंना विद्यापीठाचे दार बंद झाले. बाईंनी आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यातले वाढते पिल्लू तपासू लागल्या. १९४७ साली त्या अमेरिकेत सेंट लुइसला गेल्या. तिथे मज्जातंतूंना वाढायला लावणारा एक पदार्थ त्यांना सापडला. त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात उंदरांना टोचला, तर काय नवल! पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले, दातही लवकर आले. अशा रीतीने कातडीच्या पेशी वाढवणारा पदार्थ हाती आला. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पदार्थांना वृद्धिघटक म्हणतात. एका पेशीने दुसरीला धाडलेला हा निरोपच समजा ना!

जखमेत हा निरोप आणतात रक्त गोठवणाऱ्या रक्तबिंबिका. गोठलेल्या रक्तातला रस पेशींची वाढ करतो आणि ती शक्ती बिंबिकांतून येते, हे सिएटलच्या रसेल रॉस यांनी १९७४ साली दाखवले. पुढे हाच घटक यीस्टकडून तयार करवून त्याचे मलम केले. मधुमेहाने पायाला पडलेल्या जखमांसाठी १९९७ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्याचे नाव बेकाप्लेर्मिन.

आता गुण किती आला, ते पाहा. एका मोठ्या चाचणीत वीस आठवड्यांनी, औषध लावलेल्या शंभरांपैकी पन्नास जणांच्या जखमा भरल्या. नुसते बिनऔषधी मलम लावलेल्यांत पस्तीस जणांच्या. म्हणजे औषधाने गुण येतो खरा, पण निम्मे लोक तरीही राहिले. आणि त्या पस्तिसांना कशाने बरे वाटले? दोन्ही गटांत डॉक्टर मेलेले मांस काढून जखम साफ करीत होते आणि त्या पायावर भार पडू देत नव्हते.

या भाराचे महत्त्व आपल्याच देशात फार चांगले उमगले होते. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांच्या पायाचे मांसच सडके असते, असा तेव्हा समज होता. त्यांनी पाहिले, की मांस चांगले आहे. पण वेदना कळत नाही, म्हणून रोगी जखमेवरच चालत राहतो. पायाला प्लास्टर घालून भार सारखा वाटून दिला, तर जखमा भरू लागल्या. पुढे अमेरिकेत मधुमेह्यांनाही हाच उपाय लागू पडला, कारण त्यांच्याही पायांची जाणीव जाते.

तेव्हा श्रोतेहो, घरात कुणाला मधुमेह असेल, तर रोज रात्री त्याचे तळवे दिव्याजवळ पाहा. त्याने अनवाणी शेतात जाऊ नये, गरम पाण्याचा शेक घेऊ नये, कुरूप ब्लेडने कापू नये. जखम दिसली, की दुखत नाही म्हणून थांबू नका, डॉक्टर गाठा. मलम लावायचे की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. गुरुजी, वर्गातल्या मुलांना एवढेच सांगा, की आज घरी गेल्यावर आजीचे पाय पाहा.

शरीर निरोप धाडतच असते. आपण त्याच जखमेवर पाय देऊन तो तुडवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.